पहिल्या पावसातली काळी मुसळी कशी ओळखावी

मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्या की सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या गवताळ माळांवर आणि पानझडी जंगलांच्या कडेला जमिनीला अगदी चिकटून पिवळीधमक फुले दिसू लागतात. आजूबाजूचे गवत तेव्हा बोटभरही वाढलेले नसते, त्यामुळे ही फुले दुरूनही नजरेत भरतात. मात्र वाकून पाहिल्याशिवाय त्यांची ओळख पटत नाही. यांपैकी सहा पाकळ्यांचे, लांबट घडीदार पानांच्या बेचक्यातून वर आलेले फूल बहुतेक वेळा काळ्या मुसळीचे असते. तिचे शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योसेफ गार्टनर यांनी १७८८ मध्ये ते प्रसिद्ध केले. पूर्वी ही वनस्पती निशिगंध-लिलीच्या जवळच्या अमरिलिडेसी कुळात धरली जाई. आता तिची गणना हायपॉक्सिडेसी या लहानशा स्वतंत्र कुळात होते. भारतापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंतच्या प्रदेशाची ती मूळ रहिवासी आहे, म्हणजे आपल्याकडे ती कोणी बाहेरून आणून लावलेली नाही.

काळी मुसळी प्रसिद्ध आहे ती फुलासाठी नव्हे, तर जमिनीतल्या काळपट कंदासाठी. आयुर्वेदात हा कंद बलवर्धक आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारे) द्रव्य म्हणून वापरला जातो. याचा परिणाम असा झाला आहे की तिच्याबद्दलची बहुतेक माहिती कंदापासून सुरू होते, आणि जंगलात सोबत आलेला एखादा उत्साही जाणकार ‘थांबा, उकरून दाखवतो’ असे म्हणत काठी हातात घेतो. नवशिक्या निरीक्षकाने पहिल्या दिवसापासून हे पक्के धरून चालावे की काळी मुसळी ओळखण्यासाठी कंद पाहण्याची काहीही गरज नाही. फूल, पान आणि त्या दोहोंवरची लव एवढ्या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर शंकेला जागा उरत नाही, आणि या तिन्ही गोष्टी मातीच्या वर आहेत.

वेळ आणि जागा

फुले पाहायची असतील तर जूनचा उत्तरार्ध आणि जुलै हा सर्वांत सोयीचा काळ आहे. तुरळक फुले त्यानंतरही येत राहतात, पण तोवर गवत गुडघ्यापर्यंत वाढते आणि जमिनीलगतचे फूल शोधणे कठीण होते. रानफुलांच्या छायाचित्रांसाठी होणारी गर्दी बहुधा ऑगस्टच्या अखेरीस सोनकी आणि तेरड्याच्या बहरात सुरू होते. तोपर्यंत काळ्या मुसळीचा मुख्य बहर उरकलेला असतो, म्हणूनच इतकी सर्वत्र आढळणारी वनस्पती अनेकांनी फुललेली पाहिलेली नसते. शक्यतो सकाळी निघावे. फूल नाजूक असते आणि दुपारनंतर किंवा जोरदार सरीनंतर ते इतके मलूल होते की पाकळ्या मोजणेही अवघड जाते.

जागेबाबत ही वनस्पती फारशी चोखंदळ नाही. विरळ सावलीची पानझडी जंगले, डोंगरउतारावरची गवताळ कुरणे, पायवाटांच्या कडा, झुडपांच्या मुळाशी साठलेली पालापाचोळ्याची माती अशा ठिकाणी ती हमखास सापडते. सतत पाणी तुंबणाऱ्या खाचरांत किंवा नांगरलेल्या शेतात तिला शोधण्यात वेळ घालवू नये. उघड्या कातळावर ती दिसली तर कातळाच्या भेगेत साठलेल्या मातीत दिसेल, कातळावरच्या मातीच्या पातळ थरावर नाही.

आधी पाकळ्या मोजाव्यात

पावसाळ्यातली पिवळी फुले संख्येने इतकी असतात की रंगावरून काहीच ठरवता येत नाही. त्यामुळे पहिली चाळणी पाकळ्यांच्या संख्येची लावावी. आंबुशी, गोखरू, चिकणा या सर्वांच्या फुलांना पाच पाकळ्या असतात. कवल्याचे आणि रानतागाचे फूल वाल-घेवड्याच्या फुलासारखे, एक मोठी पाकळी वर आणि बाकीच्या खाली, अशा विषम रचनेचे असते. सोनकीचे ‘फूल’ म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि तिच्या कडेच्या पाकळ्यांची संख्या अधिक भरते. काळ्या मुसळीचे फूल याहून वेगळे, सहा सारख्या आकाराच्या पाकळ्या सपाट पसरलेले असते. काटेकोर भाषेत त्यांना परिदले म्हणतात, कारण यातली तीन बाहेरच्या वर्तुळातली आणि तीन आतल्या वर्तुळातली असतात, आणि निदले (कळीला बाहेरून झाकणारी दले) कोणती व पाकळ्या कोणत्या असा भेद रंगावरून करता येत नाही. कळी उमलताना पाहिली तर बाहेरची तीन परिदले आतल्या तिघांना झाकून बसलेली स्पष्ट दिसतात.

प्रत्येक परिदल साधारण सव्वा ते दीड सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे पूर्ण उमललेले फूल अडीच ते तीन सेंटीमीटर व्यासाचे भरते. मध्यभागी सहा पुंकेसर असतात. त्यांचे तंतू आखूड आणि परागकोश लांबट, उभे असतात. या सहांच्या मधोमध तीन भागांत विभागलेली कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारे स्त्रीकेसराचे टोक, असते. तीन आणि सहा ही संख्या दिसली की वनस्पती एकदलिकित (गवत-लिलीप्रमाणे बीत एकच बीजपत्र असणारी) असल्याचा भक्कम पुरावा मिळतो आणि पिवळ्या फुलांच्या गर्दीतली बहुसंख्य नावे एका फटक्यात बाद होतात.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काळ्या मुसळीच्या एकाच फुलोऱ्यात दोन प्रकारची फुले येतात: खालची द्विलिंगी आणि वरची केवळ नर. त्यामुळे एखाद्या फुलात पुंकेसर व्यवस्थित असूनही मधली कुक्षी नीट विकसित झालेली दिसली नाही, तर आपण वेगळी जाती पाहत आहोत असा निष्कर्ष काढू नये. त्याच रोपाचे दुसरे फूल पाहावे.

फूल उगवते कोठून

ओळखीतला सर्वांत रंजक भाग हा आहे, आणि घाईत पाहणाऱ्यांच्या हातून नेमका हाच निसटतो. गुडघ्यावर बसून फुलाच्या खाली पाहिले तर पानांच्या तळाशी शिरलेला एक बारीक, केसाळ, पिवळसर-हिरवा दांडा दिसतो. पाहणारा त्याला साहजिकच फुलाचा देठ समजतो. प्रत्यक्षात तो देठ नव्हे. बीजांडकोशाचे वरचे टोक लांब, चोचीसारखे निमुळते होत वर आलेले असते आणि त्याच्या शेंड्यावर परिदले उघडतात. खरा बीजांडकोश, म्हणजे ज्याचे पुढे फळ होणार आहे तो भाग, पानांच्या आवरणात जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्याखाली दडलेला असतो. फुलोऱ्याचा खरा दांडाही तेथेच, अत्यंत आखूड आणि पानांच्या तळांनी झाकलेला असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की फूल चिमटीत धरून ओढले तर ती लांब चोच मधेच तुटते, हातात केवळ पिवळ्या पाकळ्या येतात आणि बीजांडकोश मातीत राहून वाया जातो. अशा तुटलेल्या फुलाचे छायाचित्र कोणा तज्ज्ञाला दाखवले तरी त्याला ते जमिनीलगतचे होते की लांब दांड्यावरचे होते हे कळू शकत नाही, आणि ओळखीचा अर्धा पुरावा तेथेच नष्ट होतो. फूल तोडू नये असा उपदेश आपण सगळीकडे ऐकतो. येथे तो निव्वळ शिष्टाचाराचा भाग नसून अभ्यासाची गरज आहे.

पानाची घडी आणि लव

आता पानाकडे वळावे. एका रोपाला सहसा तीन ते सहा-सात पाने असतात आणि ती सर्व थेट जमिनीतून, एकाच ठिकाणाहून निघतात. वर चढणारे खोड नसते, पेरे नसतात, फांद्या नसतात. पानाची लांबी पंधरापासून पंचेचाळीस सेंटीमीटरपर्यंत आणि रुंदी एक ते अडीच सेंटीमीटर असू शकते. बहराच्या सुरुवातीला पाने आखूड असतात आणि पाऊस स्थिरावल्यावर लांबतात, म्हणून केवळ मापावर विसंबू नये. आकार भाल्याच्या पात्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. शिरा समांतर धावतात आणि पानाला लांबीच्या दिशेने घड्या पडलेल्या असतात, जणू कागदी पंखा अर्धवट उघडावा. बोट आडवे फिरवले की या घड्यांचे उंचवटे स्पष्ट जाणवतात.

त्यानंतर लव तपासावी. पानाच्या पाठीमागे, विशेषतः शिरांवर आणि तळाकडच्या भागात, विरळ मऊ केस असतात. परिदलांची बाहेरची बाजूही केसाळ असते, आणि फुलाखालच्या त्या लांब चोचीवर तर केस साध्या डोळ्यांनीही दिसतात. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग जवळ असल्यास काम सोपे होते. नसल्यास पान सूर्याच्या दिशेने तिरपे धरून कडेने पाहावे, म्हणजे केस उजेडात चमकतात. पावसाचे थेंब अडकून बसलेले असताना लव सपाट होते आणि पान गुळगुळीत भासते, हेही लक्षात ठेवावे. फुलाची पाठ पाहण्याची सवय फार थोड्यांना असते, परंतु या वनस्पतीच्या बाबतीत पुढच्या बाजूपेक्षा पाठच अधिक बोलकी आहे.

काही जुन्या पानांची टोके वाकून जमिनीला टेकलेली दिसतात आणि तेथे क्वचित मुळे फुटून लहानसे रोप तयार होत असते. हे दृश्य दिसले तर ओळखीला आणखी एक आधार मिळतो. न दिसले तर काही बिघडत नाही, कारण प्रत्येक रोपात ते घडत नाही.

बहुवार्षिक असल्याचे न उकरता कसे समजावे

पाऊस सुरू होऊन पंधरवडाही उलटलेला नसताना जी वनस्पती पानांबरोबरच फुले दाखवते, तिच्याजवळ मागील हंगामाची शिदोरी असलीच पाहिजे. बीपासून नव्याने उगवलेल्या वर्षायू रोपाला आधी पाने वाढवून अन्न तयार करावे लागते आणि मग फुलावे लागते. म्हणूनच तेरडा, कवला यांसारखी वर्षायू रोपे पावसाळ्याच्या उत्तरार्धात बहरतात. काळ्या मुसळीचा उभा, दंडगोलाकार कंद मात्र कोरड्या महिन्यांत जमिनीत सुरक्षित राहतो. पावसाळा सरला की पाने पिवळी पडून वाळतात, हिवाळ्यात जागा रिकामी दिसते, उन्हाळ्यातला वणवा वरून निघून जातो, आणि जूनमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा पाने वर येतात. एखादा ठळक दगड किंवा झाड खूण म्हणून टिपून ठेवून पुढच्या वर्षी तीच जागा पाहणे ही बहुवार्षिकपणा पडताळण्याची सर्वांत खात्रीची आणि निरुपद्रवी पद्धत आहे.

कोणाशी गल्लत होते

सर्वाधिक गोंधळ नावामुळे होतो. बाजारात ‘मुसळी’ या नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात: काळी मुसळी, सफेद मुसळी आणि काटेसावरीच्या कोवळ्या मुळांपासून मिळणारी सेमल मुसळी. सफेद मुसळी क्लोरोफायटम या प्रजातीतली असून तिची फुले पांढरी आणि उंच दांड्यावर येतात. पावसाळी रानभाजी म्हणून परिचित असलेली फोडशी तिचीच नातलग. फुले नसताना फोडशीची आणि काळ्या मुसळीची कोवळी पाने शेजारीशेजारी उगवली तर नवख्याची फसगत होऊ शकते. फरक असा की फोडशीचे पान गुळगुळीत, बिनकेसाचे, मधोमध पन्हळीसारखे खोलगट असते आणि त्यावर अनेक समांतर घड्या नसतात.

फुलावरून होणारी खरी गल्लत बागेतल्या पिवळ्या पावसाळी लिलीशी, म्हणजे झेफिरँथिस सिट्रिना हिच्याशी होते. तिचेही फूल पिवळे, सहा पाकळ्यांचे आणि पहिल्या पावसानंतर येणारे. मात्र ती मूळची अमेरिका खंडातली आहे आणि जुन्या बंगल्यांच्या, शाळांच्या, देवळांच्या आवाराजवळ बागेतून निसटून वाढलेली आढळते. तिचे फूल नरसाळ्यासारखे असून हातभर नसले तरी वीतभर उंच, पोकळ दांड्यावर एकटेच उभे असते, पाने अरुंद व गुळगुळीत असतात आणि कोठेही लव नसते. पोकळ दांडा दिसला की काळ्या मुसळीचे नाव मागे घ्यावे. काळ्या मुसळीच्याच कुळातली हायपॉक्सिस ऑरिया ही छोटी वनस्पतीही पिवळ्या सहा पाकळ्यांची आणि केसाळ आहे, पण तिची पाने गवताइतकी बारीक असून फुले जमिनीतून नव्हे तर दिसण्याजोग्या नाजूक दांड्यावर येतात.

फुले नसताना ओळख पटवणे हे वेगळेच प्रकरण आहे आणि पहिल्या हंगामात नवशिक्याने त्याच्या फंदात न पडलेले बरे. शिंदीच्या कोवळ्या रोपाचे पान घडीदार असते, पण ते कडक, टोकाशी बोचरे आणि बिनकेसाचे असते. अमरकंदासारख्या जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडांची पानेही घडीदार असतात. त्यांचे फूल आल्यावर मात्र एक पाकळी ओठासारखी वेगळी झालेली दिसते आणि संभ्रम मिटतो. रानहळदीचे पान कितीतरी रुंद असते आणि चुरगळल्यास वास देते. काही गवतांची पानेही घड्या पडलेली असतात. तेथे पेरे असलेली काडी आणि तिच्यावर आळीपाळीने बसलेली पाने शोधावीत. यांपैकी कशाचाच निर्णय लागत नसेल तर नोंदवहीत ‘घडीदार पानांची एकदलिकित वनस्पती, फूल नाही’ एवढेच लिहावे. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा असे अपुरे वर्णन पुढे अधिक उपयोगी पडते.

फळांच्या बाबतीत तर शोधच टाळावा. बोंड जेमतेम सव्वा-दीड सेंटीमीटर लांब असते आणि ते पानांच्या तळाशी, मातीतच पिकते. त्यातल्या एक ते चार काळ्या, चकचकीत बियांवर नागमोडी खाचा आणि टोकाला चोचीसारखा अंकुडा असतो. हे वाचून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु ती पुरवण्यासाठी रोपाचा तळ उकरावा लागतो, आणि फुलावरून ओळख पटलेली असताना त्याची आवश्यकता नाही.

कंदाचा मोह

जंगलातून मोठ्या प्रमाणावर कंद काढले गेल्यामुळे अनेक ठिकाणी ही वनस्पती विरळ झाली आहे. कंद उपटला की संपूर्ण रोप संपते. पाला खुडण्यासारखे हे नाही, की चार दिवसांनी पुन्हा फुटेल. अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय वनस्पती काढून नेणे हा गुन्हा आहे, आणि तेथे ‘अभ्यासासाठी एकच घेतले’ ही सबब चालत नाही. दुसरा धोका स्वतःच्या जिवाचा आहे. त्याच काळात, त्याच झुडपांच्या कडेला कळलावीचे कोंब वर येत असतात आणि तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. मातीने माखलेले दोन कंद हातात असताना पुस्तकातल्या वर्णनावरून त्यांतला औषधी कोणता हे ठरवणे म्हणजे निव्वळ जुगार होय. या लेखातली माहिती पाहून ओळखण्यासाठी आहे, सेवनासाठी नाही.

छायाचित्रे आणि नोंद

ओळख पक्की करण्यासाठी वरून घेतलेले एक सुंदर छायाचित्र पुरत नाही, आणि नेमके तेवढेच छायाचित्र बहुतेक जण घेतात. फूल समोरून असे टिपावे की सहाही परिदले आणि मधले पुंकेसर मोजता येतील. मग मोबाइल जमिनीला टेकवून बाजूने घ्यावे, म्हणजे फुलाखालची केसाळ चोच आणि ती पानांत कोठे शिरते ते दिसेल. बोटाने फूल हलकेच झुकवून पाठीवरची लव टिपावी. पानाच्या दोन्ही बाजू आणि संपूर्ण रोप भोवतालच्या जागेसह घ्यावे. एका तरी छायाचित्रात मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, कारण जवळून घेतलेल्या चित्रात तीन सेंटीमीटरचे फूल दहा सेंटीमीटरचेही वाटू शकते. पिवळा रंग कॅमेऱ्यात लवकर फिक्कट होतो आणि परिदलांच्या कडा त्यात विरघळून जातात, तेव्हा उजेड किंचित कमी करून किंवा स्वतःची सावली पाडून पुन्हा एकदा टिपून पाहावे.

नोंदीत तारीख, ठिकाण, त्याची समुद्रसपाटीपासूनची अंदाजे उंची, सावली किंवा उघडी जागा, मातीचा प्रकार आणि शेजारच्या दोन-तीन ओळखीच्या वनस्पती लिहाव्यात. आयनॅचरॅलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन मंचावर ही नोंद टाकल्यास इतर निरीक्षक ती तपासून ओळखीला दुजोरा देतात किंवा चूक दाखवतात. छायाचित्रावरून नाव सुचवणारी स्वयंचलित सोय तेथे असते, परंतु तिने सुचवलेले नाव तसेच न स्वीकारता पाकळ्यांची संख्या, दांड्याची उंची, घडी आणि लव या चारही गोष्टी स्वतः जुळवून पाहाव्यात. पानांच्या चित्रांवर तर ती सोय शिंदीच्या रोपाला आणि ऑर्किडलाही सहज एकमेकांच्या जागी बसवू शकते. काळी मुसळी विक्रीसाठी उकरली जाणारी वनस्पती असल्याने नोंद सार्वजनिक करताना अचूक स्थान उघड करू नये. स्थान धूसर ठेवण्याचा पर्याय तेथे उपलब्ध असतो. तो निवडावा, नेमके ठिकाण स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे आणि छायाचित्रांच्या मूळ फाइली इतरांना पाठवताना त्यांत साठवलेली स्थानाची माहिती काढून टाकावी.